बिंदू

बिंदू (मूळ संस्कृत रूप: बिन्दु) हा संस्कृतातून मराठीत आलेला पुल्लिंगी शब्द आहे. 'थेंब' आणि 'ठिपका' हे त्याचे दोन मूळ अर्थ होत. व्याकरण, गणित, आयुर्वेद, नाट्यशास्त्र, संगीत, ज्योतिष, योग आणि तंत्र या शास्त्रांत हा शब्द पारिभाषिक संज्ञा म्हणून रूढ झाला. त्यामुळे शब्दकोशात त्याचे अर्थ पाहताना ते परस्परांशी असंबद्ध वाटतात. परंतु त्यांतील बहुतेक अर्थ दोनच कल्पनांपासून निघालेले आहेत. पहिली कल्पना अशी की बिंदू म्हणजे मोठ्या साठ्यातून सुटलेला अल्प अंश, अर्थात थेंब. दुसरी अशी की बिंदू म्हणजे जागा दाखवणारी खूण, अर्थात ठिपका. पहिल्या प्रकारात महत्त्व द्रव्याला असते, तर दुसऱ्या प्रकारात स्थानाला.

व्युत्पत्ती आणि रूपे

पाणिनीय धातुपाठातील 'बिद्' (अंश किंवा अवयव होणे) या धातूपासून हा शब्द साधतात. काही अभ्यासक त्याचा संबंध 'भिद्' (फुटणे, वेगळे होणे) या धातूशी जोडतात. दोन्ही मतांनुसार 'सुटा झालेला लहान भाग' हाच मूळ अर्थ ठरतो. थेंब या अर्थाने हा शब्द अथर्ववेदाइतका जुना आहे. अमरकोशाच्या वारिवर्गात त्याचे पृषत्, पृषत आणि विप्रुष् हे समानार्थी शब्द दिले आहेत.

जुन्या हस्तलिखितांत 'विन्दु' असेही लेखन आढळते. मात्र 'विद्' (जाणणे) या धातूपासून झालेला 'जाणणारा' या अर्थाचा 'विन्दु' हा निराळा शब्द असून पाणिनीने अष्टाध्यायीत त्याची स्वतंत्र नोंद केली आहे. दोन्ही शब्दांचे लेखन सारखे दिसल्यास अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो.

मराठीच्या शुद्धलेखन नियमांनुसार तत्सम उकारान्त शब्दांचा अंत्य स्वर दीर्घ लिहिला जातो, म्हणून 'बिंदू' हे लेखन प्रमाण आहे. समासात हा शब्द प्रथम आल्यास त्यातील उकार मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो. उदाहरणार्थ: बिंदुमाधव, बिंदुनामावली.

थेंब या अर्थाची परंपरा

जलबिंदू, अश्रुबिंदू, स्वेदबिंदू, दवबिंदू या सामासिक शब्दांत मूळ अर्थ सरळ दिसतो. विशेषनामांतही तो टिकून आहे. चंद्रगुप्त मौर्याचा पुत्र आणि अशोकाचा पिता बिंदुसार याच्या नावाची उपपत्ती जैन परंपरेत सांगितली जाते. राणीच्या पोटात विष गेले असता चाणक्याने गर्भ वाचवला, पण तोपर्यंत विषाचा एक थेंब बालकाच्या मस्तकापर्यंत पोहोचला होता, अशी ती कथा हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वात आली आहे. भुवनेश्वर येथील लिंगराज मंदिराजवळच्या बिंदुसागर या तलावात सर्व तीर्थांचे थेंब एकत्र आले आहेत, अशी श्रद्धा आहे. वाराणसीच्या पंचगंगा घाटावरील बिंदुमाधव हे विष्णूचे प्रसिद्ध स्थान असून महाराष्ट्रात 'बिंदुमाधव' हे व्यक्तिनाम म्हणूनही प्रचलित आहे.

आयुर्वेदात बिंदू हे औषधाचे माप आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नस्यप्रकरणी त्याची व्याख्या दिली आहे. तर्जनीची पहिली दोन पेरे द्रवात बुडवून वर काढल्यावर जेवढा द्रव गळून पडतो, तो एक बिंदू होय. मर्श या नस्यप्रकारात अशा दहा, आठ आणि सहा बिंदूंच्या अनुक्रमे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ मात्रा सांगितल्या आहेत. 'षड्बिंदू तेल' या नस्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलाचे नाव सहा थेंबांच्या मात्रेवरूनच पडले आहे.

सागरातील थेंब या कल्पनेतून ग्रंथनामांची एक रूढी निर्माण झाली. विस्तृत शास्त्राचे सार थोडक्यात सांगणाऱ्या ग्रंथाला 'बिंदू' म्हटले जाई. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्तीचे न्यायबिंदू आणि हेतुबिंदू, जैन आचार्य हरिभद्राचे योगबिंदू आणि धर्मबिंदू, तसेच मधुसूदन सरस्वतींचा सिद्धांतबिंदू हे अशा नावांचे ग्रंथ आहेत. या नावांत 'बिंदू' हा शब्द लेखकाचा विनय आणि ग्रंथाचा संक्षेप अशा दोन्ही गोष्टी सुचवतो.

नाट्यशास्त्रातील बिंदू

भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या कथावस्तूचे पाच घटक सांगितले आहेत. त्यांना अर्थप्रकृती म्हणतात: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. यांपैकी बिंदू म्हणजे उपकथानकामुळे किंवा मधल्या घटनांमुळे मूळ प्रयोजनाचा धागा तुटल्यासारखा वाटत असता तो पुन्हा जोडून देणारा प्रसंग अथवा उक्ती. दहाव्या शतकातील धनंजयाच्या दशरूपकावरील धनिकाच्या टीकेत या नावाचे कारण दिले आहे. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब जसा सर्वत्र पसरतो, तसा हा घटक नाटकभर पसरतो. म्हणून येथे बिंदूचा अर्थ 'ठिकाण' किंवा 'टप्पा' असा घेणे योग्य नाही. हा पसरणारा थेंब आहे.

ठिपका या अर्थाची परंपरा

हत्तीच्या सोंडेवर व मुखावर उमटणाऱ्या तांबूस ठिपक्यांना संस्कृतात 'बिंदुजालक' म्हणतात. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयातील भूर्जपत्रांवर धातुरसाने लिहिलेल्या अक्षरांना हत्तीच्या अंगावरील अशा लाल बिंदूंची उपमा दिली आहे. कपाळावर लावण्याच्या ठिपक्याला हिंदीत 'बिंदी' म्हणतात, ते याच शब्दाचे रूप. मराठीत मात्र 'बिंदी' हा स्त्रियांचा मस्तकावरील दागिना असून 'बिंदी-बिजवरा' हा जोडशब्द प्रचलित आहे. कपाळावरील ठिपक्याला मराठीत कुंकू किंवा टिकली म्हणतात.

लेखनातील बिंदू

देवनागरी लिपीत अक्षराच्या डोक्यावरील बिंदू अनुस्वार दाखवतो. मराठी व्याकरणात त्याला 'शीर्षबिंदू' अशी संज्ञा आहे, तर बोलीभाषेत त्याला 'टिंब' म्हणतात. हे चिन्ह एकच असले तरी त्याचा उच्चार पुढील व्यंजनानुसार बदलतो. 'पंकज'मध्ये तो ङ्, 'चंचल'मध्ये ञ्, 'कंटक'मध्ये ण्, 'संत'मध्ये न्, तर 'चंपा'मध्ये म् असा होतो. एका बिंदूमुळे शब्द बदलतो, हे खत–खंत, मद–मंद, रग–रंग, वश–वंश या जोड्यांवरून स्पष्ट होते.

या गुणधर्माचा उपयोग संस्कृत कवींनी शब्दकोड्यांसाठी केला. 'बिंदुच्युतक' या प्रकारात अनुस्वार काढून टाकल्यावर वाक्याचा दुसराच अर्थ निघतो. 'बिंदुमती' या प्रकारात व्यंजनांच्या जागी बिंदू देऊन केवळ स्वरचिन्हे दाखवली जातात आणि मूळ श्लोक ओळखायचा असतो. बाणभट्टाच्या कादंबरीत शूद्रक राजाच्या विरंगुळ्याच्या साधनांत बिंदुमतीचा उल्लेख आहे.

मराठी लेखनात शीर्षबिंदूला स्वतंत्र इतिहास आहे. जुन्या लेखनात उच्चारात नसलेले, पण व्युत्पत्तीने किंवा व्याकरणाने आलेले अनुस्वारही लिहिले जात. उदाहरणार्थ: तें, घरें, नांव, पांच, मी जातों. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले चौदा नियम, तसेच १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर यांनुसार आजचे लेखन चालते. त्यांतील पहिल्याच नियमाचा विषय शीर्षबिंदू आहे. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी तो द्यावा आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिहू नयेत, अशी व्यवस्था झाली.

या बदलाने लेखन सुलभ झाले, परंतु काही भेद कागदावरून नाहीसे झाले. पूर्वी 'नांव' म्हणजे अभिधान आणि 'नाव' म्हणजे होडी, 'पांच' म्हणजे संख्या आणि 'पाच' म्हणजे रत्न असे वेगळे लिहिले जाई. आज या जोड्यांचे लेखन एकच आहे. 'ते' (पुल्लिंगी अनेकवचन) आणि 'तें' (नपुंसकलिंगी एकवचन) यांतील भेदही आता केवळ संदर्भाने कळतो. १९६२ पूर्वी छापलेली पुस्तके वाचताना विद्यार्थ्यांना हे अनुस्वार अशुद्ध लेखन वाटू शकतात. वास्तविक ते त्या काळच्या नियमांना धरून होते आणि पुष्कळदा शब्दाचे लिंग, वचन किंवा व्युत्पत्ती दर्शवत असत. उदाहरणार्थ, 'पांच' या शब्दातील बिंदू हा संस्कृत 'पञ्च' मधील अनुनासिकाचा अवशेष होता.

काही ठिकाणी मात्र बिंदू आजही अर्थभेदक आहे:

• नामाच्या सामान्यरूपात तो अनेकवचन दाखवतो. 'घरात' म्हणजे एका घरात, 'घरांत' म्हणजे अनेक घरांत.
• आदरार्थी बहुवचनातही तो आवश्यक असतो. म्हणून 'शिक्षकांना', 'मुख्यमंत्र्यांचा' असे लिहितात.
• 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये आणि 'वेदान्त' म्हणजे तत्त्वज्ञान. अशा जोड्यांत घोटाळा टाळण्यासाठी दुसऱ्या शब्दात बिंदूऐवजी न् लिहितात.

अर्धचंद्रासह येणाऱ्या बिंदूला चंद्रबिंदू म्हणतात. संस्कृतात व हिंदीत तो स्वराचे अनुनासिकत्व दाखवतो. मराठीत 'बँक' या शब्दात दिसणारे चिन्ह रूपाने चंद्रबिंदूसारखेच असले, तरी तेथे अर्धचंद्र हा 'ॲ' या स्वराचा आणि बिंदू हा अनुस्वाराचा निदर्शक आहे. म्हणजे ती दोन चिन्हे एकत्र आली आहेत. अक्षराखालील बिंदूला नुक्ता म्हणतात. हिंदीत तो ड़, ढ़ या व्यंजनांसाठी व अरबी-फारसी ध्वनींसाठी वापरतात. मराठीच्या प्रमाण लेखनात त्याचा वापर नाही. यांखेरीज विसर्ग दोन बिंदूंनी लिहिला जातो आणि मुद्रणकलेबरोबर रूढ झालेला मराठीतील पूर्णविरामही बिंदूच आहे. हिंदीत त्या जागी दंड देतात.

गणितातील बिंदू

शून्यासाठी बिंदू लिहिण्याची पद्धत भारतात व आग्नेय आशियात जुनी आहे. सुबंधूच्या वासवदत्ता या गद्यकाव्यात आकाशातील ताऱ्यांना शून्यबिंदूंची उपमा दिली आहे. कंबोडियातील सांबोर येथील शके ६०५ (इ.स. ६८३) च्या शिलालेखात वर्षाच्या आकड्यातील शून्य बिंदूच्या रूपात कोरलेले आहे. पेशावरजवळील बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या आणि आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेल्या भूर्जपत्रांच्या हस्तलिखितात शून्यासाठी बिंदू वापरला आहे. त्याच हस्तलिखितात अज्ञात राशीची रिकामी जागाही बिंदूने दाखवली आहे. या हस्तलिखिताच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन-कालमापनात त्याची वेगवेगळी पाने वेगवेगळ्या शतकांतील निघाली व त्या निष्कर्षांवरही आक्षेप घेतले गेले. ग्वाल्हेर येथील चतुर्भुज मंदिरातील इ.स. ८७६ च्या लेखात शून्य लहान वर्तुळाच्या रूपात दिसते.

भास्कराचार्यांनी (जन्म इ.स. १११४) बीजगणितात बिंदूला वेगळेच काम दिले आहे. ऋण संख्या दाखवण्यासाठी अंकाच्या डोक्यावर बिंदू द्यावा, असा संकेत त्यांनी नोंदवला आहे. म्हणजे अंकांच्या ओळीत आलेला बिंदू शून्य, रिकाम्या जागी आलेला बिंदू अज्ञात राशी आणि अंकाच्या वर आलेला बिंदू ऋणत्व, असे तीन अर्थ भारतीय गणिताच्या इतिहासात आढळतात. आज पूर्णांक व अपूर्णांक यांच्यामध्ये येणारे दशांशचिन्हही बिंदूच असते.

भूमितीत बिंदूला लांबी, रुंदी व जाडी नसते. तो केवळ स्थान दाखवतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीवरील अरबी ग्रंथाचे 'रेखागणित' या नावाने संस्कृत रूपांतर केले. त्यात दिसू शकणाऱ्या, पण विभाग होऊ न शकणाऱ्या पदार्थाला बिंदू म्हटले आहे. मराठी पाठ्यपुस्तकांतील मध्यबिंदू, छेदनबिंदू, शिरोबिंदू, स्पर्शबिंदू, आरंभबिंदू या संज्ञा याच अर्थावर आधारलेल्या आहेत.

संगीत आणि ज्योतिष

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखन पद्धतीत स्वराखाली बिंदू असल्यास तो मंद्र सप्तकातील आणि स्वरावर बिंदू असल्यास तार सप्तकातील समजतात. मध्य सप्तकातील स्वरांना बिंदू नसतो. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत मात्र स्वरावरील बिंदू मंद्र सप्तक दाखवतो व तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ देतात. त्यामुळे जुनी स्वरलिपी वाचण्यापूर्वी ती कोणत्या पद्धतीची आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

फलज्योतिषातील अष्टकवर्ग या गणनापद्धतीत ग्रहांना राशिपरत्वे बिंदू आणि रेषा देतात. काही परंपरांत बिंदू शुभ व रेषा अशुभ मानतात, तर काहींत नेमके याच्या उलट मानतात. खगोलशास्त्रात क्रांतिवृत्त आणि वैषुविक वृत्त यांच्या छेदनबिंदूंना संपातबिंदू म्हणतात. वसंतसंपात व शरदसंपात हे ते दोन बिंदू होत. ते स्थिर नसून सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करतात.

योग आणि तंत्र

योग व तंत्र यांच्या परिभाषेत थेंब आणि ठिपका हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हठयोगात बिंदू म्हणजे वीर्य. ते मस्तकात असून खाली गळते आणि त्याचे रक्षण केल्याने आयुष्य वाढते, अशी त्या परंपरेची धारणा आहे. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत ती विस्ताराने आली आहे. येथे थेंब हाच अर्थ प्रधान आहे.

शाक्त व शैव तंत्रांत बिंदू हा सृष्टीच्या उत्पत्तिक्रमातील एक टप्पा आहे. शारदातिलक या ग्रंथानुसार शक्तीपासून नाद आणि नादापासून बिंदू उत्पन्न होतो. पुढे त्याचेच बिंदू, नाद आणि बीज असे तीन भाग होतात. एकाच उताऱ्यात मूळ बिंदू आणि त्याचा एक भाग या दोहोंना हेच नाव असल्यामुळे हा विषय दुर्बोध वाटतो. श्रीयंत्रात परस्परांना छेदणारे नऊ मोठे त्रिकोण असून त्यांच्या मध्यभागी बिंदू असतो. सृष्टिक्रमात यंत्राचा विस्तार या बिंदूपासून बाहेर होतो, तर संहारक्रमाच्या पूजेत साधक बाहेरील चौकटीकडून बिंदूकडे जातो. ह्रीं, श्रीं, क्लीं यांसारख्या बीजमंत्रांच्या शेवटी येणारा अनुस्वारही तांत्रिक ग्रंथांत बिंदू म्हणूनच विवेचिला जातो. त्यामुळे लेखनातील चिन्ह आणि तत्त्वज्ञानातील संकल्पना यांचा येथे थेट संबंध येतो.

अमृतबिंदू, नादबिंदू, ध्यानबिंदू आणि तेजोबिंदू या नावांची उपनिषदेही प्रसिद्ध आहेत. तिबेटी बौद्ध परंपरेत सूक्ष्म शरीरातील बिंदूंना 'थिग्ले' म्हणतात.

चित्रकला

चित्रकार सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या उत्तरकालीन चित्रांत काळा वर्तुळाकार बिंदू हा मध्यवर्ती घटक आहे. मध्य प्रदेशात बालपण गेलेल्या रझा यांचे मन लहानपणी अभ्यासात लागत नसे. तेव्हा शाळेतील गुरुजींनी भिंतीवर बिंदू काढून त्याच्याकडे एकाग्रतेने पाहण्यास सांगितले होते, अशी आठवण ते सांगत. मुंबईत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक संस्थापक होते. महाराष्ट्रात घरोघरी काढल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या रांगोळीतही बिंदूंची मांडणी हाच आकृतीचा आधार असतो.

आधुनिक मराठीतील वापर

मूळ शब्दाचे दैनंदिन अर्थ मराठीत वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतले आहेत. द्रवासाठी थेंब, डागासाठी किंवा रांगोळीसाठी ठिपका, लेखनासाठी टिंब आणि कपाळासाठी टिकली हे शब्द रूढ आहेत. 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीत बिंदू हा शब्द बसत नाही. बिंदू हा शब्द मुख्यतः शास्त्रीय, वाङ्मयीन व शासकीय भाषेत उरला आहे.

काही संज्ञांत दोन्ही मूळ अर्थ शेजारी शेजारी दिसतात. 'दवबिंदू' म्हणजे गवतावरील दवाचा थेंब. हवामानशास्त्रात मात्र ज्या तापमानाला हवा बाष्पाने संपृक्त होऊन दव पडू लागते, तेही दवबिंदू होय. डोळ्याच्या दृष्टिपटलावर जेथून दृष्टिचेता बाहेर पडते, तेथे प्रकाशसंवेदी पेशी नसतात. त्या जागेला अंधबिंदू म्हणतात.

शासकीय मराठीतील 'बिंदुनामावली' हा शब्द नोकरीच्या उमेदवारांना परिचित आहे. शासकीय व अनुदानित संस्थांतील पदांना क्रमाने बिंदू देऊन प्रत्येक बिंदू कोणत्या आरक्षित प्रवर्गासाठी किंवा खुल्या प्रवर्गासाठी आहे, हे दाखवणारी ती नोंदवही होय. येथे बिंदू म्हणजे थेंब नाही व ठिपकाही नाही. तो केवळ क्रमातील स्थान दाखवतो. पदभरतीत एखादी जागा कोणत्या प्रवर्गाच्या वाट्याला येते, हे या स्थानावर अवलंबून असल्यामुळे बिंदुनामावलीतील नोंदी हा अनेकदा वादाचा विषय होतो.

अर्थनिश्चिती

प्राचीन किंवा आधुनिक मजकुरात हा शब्द आल्यास प्रथम तेथे द्रव्य अभिप्रेत आहे की स्थान, हे ठरवणे उपयुक्त ठरते. आयुर्वेद, हठयोग, नाट्यशास्त्र आणि ग्रंथनामे यांत बहुधा थेंब हा अर्थ असतो. भूमिती, खगोलशास्त्र, लेखन, स्वरलिपी आणि प्रशासन यांत ठिपका किंवा स्थान हा अर्थ असतो. तंत्रग्रंथांत दोन्ही संभवतात. बिंदू हे चिन्ह म्हणून आल्यास त्याचा अर्थ ते कोठे दिले आहे आणि कोणत्या पद्धतीत दिले आहे, या दोन गोष्टींवर अवलंबून असतो.